जुने, मोठ्या आवाजाचे व्हॉल्व्ह गिटार ॲम्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार शिकणारी मुलं, त्यांचे वैतागलेले पालक, कॉलेजातल्या बॅंडची मंडळी आणि चाळिशीनंतर पुन्हा गिटार हातात घेतलेले लोक जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा देण्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हॉल्व्ह ॲम्प म्हणजे नेमकं काय? ट्यूब ॲम्प वेगळा असतो का?

दोन्ही एकच. ब्रिटनमध्ये व्हॉल्व्ह म्हणतात, अमेरिकेत ट्यूब.

गिटारच्या तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. त्याने स्पीकर हलवायचा तर तो वाढवावा लागतो, आणि ट्रान्झिस्टर येण्याआधी हे काम काचेच्या निर्वात नळ्या करायच्या. नळीतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि काहीशे व्होल्टवर ठेवलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर दिला की त्याच्या बारीक चढउतारानुसार इलेक्ट्रॉनचा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. सुरुवातीच्या टप्प्याला, म्हणजे प्रीॲम्पला, बहुतेक वेळा ईसीसी८३ असतो (अमेरिकन नाव १२एएक्स७). शेवटच्या पॉवर टप्प्याला ईएल३४, ईएल८४ किंवा ६एल६ असे दणकट व्हॉल्व्ह असतात. तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि मग स्पीकर. साठच्या दशकातला ॲम्प मागून उघडून पाहिला तर इतकंच दिसतं : दोन जड ट्रान्सफॉर्मर, एक फायबरची पट्टी, तिच्यावर हाताने सोल्डर केलेले रेझिस्टर-कपॅसिटर आणि चार-सहा काचेच्या नळ्या.

२. आवाज फाटणं म्हणजे ॲम्पचा दोषच ना? मग लोकांना तो इतका का आवडतो?

अभियंत्याच्या दृष्टीने दोषच. लिओ फेंडर यांनी ॲम्प बनवले ते आवाज स्वच्छ यावा म्हणून. व्हॉल्व्ह फाटावेत अशी त्यांची बिलकूल इच्छा नव्हती.

आवडण्याचं मूळ फाटण्याच्या पद्धतीत आहे. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटची मर्यादा संपली की ते लहरीचं डोकं सरळ कापून टाकतं. व्हॉल्व्ह मात्र मर्यादेजवळ येताना हळूहळू दबत जातो, लहरीचे कोपरे गोलसर राहतात. त्यामुळे मूळ स्वरात नव्या स्वरांची भर पडते : दुप्पट कंपनसंख्येचा म्हणजे वरचा सा, तिप्पट कंपनसंख्येचा म्हणजे त्याच्याही वरचा प, आणि असंच पुढे. तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीवर दोरा सरकवून मुद्दाम झणकार आणतात, कारण त्या झणकारातच उपस्वर उमलतात. मिरजेच्या कारागिरांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

दोन तारा एकत्र वाजवल्या की आणखी एक गंमत होते. फाटलेल्या आवाजात दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येते. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा ई साधारण ८२ हर्ट्झ, त्याचा पंचम बी साधारण १२३ हर्ट्झ. वजाबाकी ४१ हर्ट्झ, म्हणजे त्याच ईच्या एक सप्तक खालचा ई, जो गिटारवर कुणी वाजवलेलाच नाही. सा आणि प एवढेच दोन स्वर असलेली पॉवर कॉर्ड फाटक्या आवाजात डोंगराएवढी वाटते ती यामुळे. तिच्यात गंधार घातला की वजाबाक्या विस्कटतात आणि सगळा गाळ होतो. रॉकमध्ये पॉवर कॉर्डचा इतका सुळसुळाट का, याचं निम्मं उत्तर ॲम्पमध्ये आहे.

तिसरी गोष्ट हाताला कळते, रेकॉर्डिंगमध्ये तितकी नाही. असा ॲम्प काठावर आणून ठेवला की हळू छेडलेली तार स्वच्छ वाजते आणि तीच तार जोरात मारली की गुरगुरते. गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण १० वरून ६ वर आणलं तर पेडलला हात न लावता आवाज निवळतो. वादकाचा जीव जडतो तो इथे.

३. एवढे मोठे ॲम्प मुळात बनवलेच का? मायक्रोफोन नव्हते का?

होते, पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला सभागृहातली लाउडस्पीकरची यंत्रणा, म्हणजे पीए सिस्टीम, गायकाच्या आवाजापुरतीच असायची. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची जबाबदारी गिटारच्या ॲम्पचीच. ऑगस्ट १९६५ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर वाजवत होते. त्यांच्यासाठी व्हॉक्सने १०० वॉटचे ॲम्प बनवले होते, तरी किंकाळ्यांपुढे त्यांना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं.

त्याच सुमारास लंडनमध्ये वेगळी कथा चालू होती. जिम मार्शल हे ड्रमवादक आणि ड्रमशिक्षक. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. ड्रमवाल्या पोरांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्र यायचे, आणि अमेरिकेहून येणारे फेंडर भलतेच महाग पडतात अशी तक्रार करायचे. १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी त्या दुकानासाठी पहिला मार्शल तयार केला : जेटीएम४५. सर्किट जवळपास जसंच्या तसं फेंडरच्या बासमन या ॲम्पवरून उचललेलं. बासमन हा मुळात बेस गिटारसाठी काढलेला ॲम्प! पण सुटे भाग ब्रिटनमध्ये मिळाले ते वापरले, पहिल्या टप्प्यात जास्त वाढ देणारा व्हॉल्व्ह बसवला आणि मागून उघड्या खोक्याऐवजी बंद कॅबिनेटमध्ये १२ इंची चार सेलेशन स्पीकर घातले. एवढ्याशा बदलांनी आवाजाचा स्वभावच पालटला.

मग 'द हू' या बॅंडचे पीट टाउनशेंड आणि जॉन एंटविसल यांनी आणखी मोठा आवाज मागितला. १९६५ मध्ये १०० वॉटचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला सुटा ॲम्प, आलं. त्याच्याखाली आठ स्पीकरचं एकच कॅबिनेट हवं हा टाउनशेंड यांचा हट्ट. ते उचलताना हमालांचे हाल झाले, तेव्हा त्याचे दोन भाग केले आणि एकावर एक ठेवले. आज ज्याला मार्शल स्टॅक म्हणतात तो असा, पाठदुखीतून जन्माला आला.

४. फेंडर, व्हॉक्स आणि मार्शल यांत ऐकायला काय फरक पडतो?

ढोबळ उत्तर देतो, कारण एकाच कंपनीचे दोन ॲम्पही सारखे वाजत नाहीत.

पन्नासच्या दशकातले ट्वीड कापड लावलेले छोटे फेंडर लवकर फाटतात, आवाज भरड आणि थोडा विस्कळीत. साठच्या दशकातले काळ्या पट्टीचे फेंडर, विशेषतः ट्विन रिव्हर्ब, काचेसारखे स्वच्छ. ८५ वॉटचा ट्विन फाटेपर्यंत खोलीतली माणसं निघून गेलेली असतात. डिक डेनी यांनी रचना केलेला व्हॉक्स एसी३० चार ईएल८४ वर चालतो. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन आवाज सरळ ठेवणं) नाही, त्यामुळे वरचे स्वर खणखणीत आणि स्वच्छ ते फाटका हा प्रवास अगदी सावकाश. शॅडोजचे हॅंक मार्विन, बीटल्स आणि पुढे क्वीनचे ब्रायन मे हे याचे मोठे वाजवणारे. मार्शलमध्ये मधल्या पट्टीतला आवाज पुढे येतो, बंद कॅबिनेटचा धक्का पोटात जाणवतो, आणि तो बॅंडच्या गोंगाटातूनही वाट काढतो. डेव्ह रीव्ह्ज यांचा हायवॉट हा चौथा भिडू : मार्शलसारखाच १०० वॉटचा दणका, पण फाटण्याची घाई नाही. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांचा मोकळा, दूरवर पसरणारा आवाज हायवॉटचा.

माझा कल विचाराल तर एसी३०. पण तो फक्त माझा कल.

५. ऑनलाइन जाहिरातीत '१९५९ मार्शल प्लेक्सी' दिसला. मार्शल तर १९६२ मध्ये सुरू झाली ना? फसवणूक आहे का?

असेलच असं नाही. १९५९ हा मार्शलचा कॅटलॉग क्रमांक आहे, साल नव्हे. १९५९ म्हणजे १०० वॉटचं हेड, १९८७ म्हणजे ५० वॉटचं हेड आणि १९६२ म्हणजे दोन स्पीकरचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात). म्हणजे १९६८ साली बनलेला '१९८७' असू शकतो, आणि गेल्या वर्षी बनलेला '१९५९' सुद्धा, कारण कंपनी या मॉडेलच्या नव्या आवृत्त्या काढत आली आहे.

'प्लेक्सी' हे टोपणनाव. १९६९ च्या मध्यापर्यंत या हेडच्या पुढच्या पट्ट्या सोनेरी प्लेक्सिग्लासच्या होत्या, नंतर ॲल्युमिनियमच्या आल्या. पट्टी बदलल्यामुळे आवाज बदलला नाही, पण त्या काळात आतले भागही टप्प्याटप्प्याने बदलत गेले, म्हणून संग्राहक पट्टीवरून काळ ओळखतात. विकत घेणार असाल तर साल सांगणाऱ्या विक्रेत्याकडे सीरियल नंबरचा आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरचा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

६. आवाज मोठा केल्याशिवाय तो टोन येतच नाही, हे खरं की गिटारवाल्यांची सबब?

बरंचसं खरं, थोडी सबब.

जुन्या ॲम्पला मास्टर व्हॉल्यूम नसतो, म्हणजे आवाज आणि फाटणं एकाच बटणावर. त्या बटणाचा प्रवास ऐकण्यासारखा असतो. प्लेक्सीवर २ पर्यंत आवाज स्वच्छ, पण थोडा कोरडा. ३-४ ला तो इतका मोठा झालेला असतो की शेजारी दारात उभे. ५ च्या पुढे आवाज फारसा वाढतच नाही. आता पॉवर व्हॉल्व्ह दबायला लागतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर संतृप्त होऊ लागतो, नोट जाड होत जाते. त्यात स्पीकरची भर. साठच्या दशकातले सेलेशन ग्रीनबॅक स्पीकर २० ते २५ वॉटचे. १०० वॉटच्या ॲम्पला चार लावले की ते मर्यादेला टेकतात आणि त्यांचा कागदी कोन स्वतःच थोडा फाटका वाजू लागतो. ज्या ॲम्पमध्ये मेनच्या एसीचं डीसी करणारा रेक्टिफायरही व्हॉल्व्हचा असतो (जेटीएम४५, एसी३०), तिथे जोरात मारल्यावर आतलं व्होल्टेज क्षणभर बसतं. नोट आधी दबते आणि मग फुलते.

१९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर डेक्काच्या स्टुडिओत गेला, तेव्हा त्याने मार्शल कॉम्बो स्टेजवर वाजवतो तितक्याच मोठ्या आवाजात वाजवण्याचा हट्ट धरला. स्टुडिओतल्या मंडळींना ही पद्धत माहीत नव्हती. मायक्रोफोन ॲम्पपासून लांब ठेवावा लागला. गिब्सनची लेस पॉल गिटार आणि मार्शल या जोडीची कीर्ती त्या रेकॉर्डिंगपासून सुरू झाली.

सबब कुठे? माणसाच्या कानाला मोठा आवाज चांगला वाटतोच, कारण कमी आवाजात खालचे आणि वरचे स्वर आपल्याला कमी ऐकू येतात. त्यामुळे 'टोन सुधारला' असं वाटतं त्यातला काही भाग फक्त आवाज वाढल्याचा असतो. आवाज कमी ठेवून काय करता येईल ते प्रश्न ११ मध्ये.

७. १०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजतो का?

नाही. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. लक्षात येईल इतका फरक, पण दुप्पट नक्की नाही. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. १०० वॉटच्या निम्मा आवाज हवा असेल तर ५० नव्हे, १० वॉटचा ॲम्प बघा.

गिटारचे स्पीकर फार कार्यक्षम असतात. फक्त १ वॉट दिला तरी मीटरभर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल मिळतात. 'घरासाठी ५ वॉटचा घेतलाय, शांत असेल ना?' असं विचारणाऱ्यांसाठी ही ओळ पुन्हा वाचण्यासारखी आहे.

८. स्टेजवर मागे ॲम्पची भिंत असते. सगळे चालू असतात का?

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या काळात खरोखर चालू असायचे (त्याचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स आणि ॲम्पवाल्यांचं जेम्स मार्शल, हा योगायोग दोघांनाही आवडायचा). पीए सुधारली तशी गरज संपली, पण देखावा उरला. नंतरच्या बऱ्याच मोठ्या बॅंडच्या मागची भिंत पोकळ खोक्यांची असते आणि मायक्रोफोन एकाच कॅबिनेटसमोर. यात फसवणूक वगैरे मी मानत नाही. नाटकाच्या सेटमधली भिंत तरी कुठे विटांची असते!

९. ॲम्पसमोर उभं राहिलं की तार न छेडता गिटार वाजत राहते. ते कसं?

स्पीकरमधून निघालेली हवेची लहर तारेला आणि गिटारच्या लाकडाला हलवते, ती हालचाल पिकअप उचलतो, ॲम्प वाढवतो आणि लहर पुन्हा तारेवर येते. चक्र पूर्ण झालं की नोट विझत नाही. ॲम्पपासूनचं अंतर आणि तोंड बदललं की कधी मूळ स्वर तर कधी त्याचा वरचा उपस्वर पकडला जातो. म्हणून हेंड्रिक्स किंवा टाउनशेंड स्टेजवर पाऊल मागेपुढे करताना दिसतात. ते नाचत नसतात, स्वर शोधत असतात. पिकअपच थेट शिटी मारू लागला, तर तो वेगळा प्रकार : सैल गुंडाळीच्या पिकअपची ती कर्कश शीळ, तिच्यावर ताबा राहत नाही. मेण पाजलेला पिकअप हा त्यावर उपाय.

१०. कानांचं काय? खरंच इतकं नुकसान होतं?

होतं, आणि ते भरून येत नाही.

अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगारांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा हिशेब सोपा आहे : ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतील, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला १५ मिनिटं. ११२ ला जेमतेम एक मिनिट. ड्रम, दोन गिटार आणि बेस अशी बंद खोलीतली प्रॅक्टिस १०० च्या वर सहज जाते.

'द हू'ने ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्ल्टन फुटबॉल मैदानात ३२ मीटरवर १२६ डेसिबल नोंदवून गिनेसमध्ये नाव लावलं. पुढे गिनेसने हा प्रकारच बंद केला, कारण विक्रमाच्या नादात लोकांचे कान जातील. टाउनशेंड यांना कर्णनाद आणि बहिरेपणाचा त्रास आहे; स्टुडिओत मोठ्या आवाजात लावलेल्या हेडफोनला ते स्वतः जास्त दोष देतात.

वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात. ते सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच कमी करतात, त्यामुळे संगीत बोथट होत नाही. कापसाचा बोळा याला पर्याय नाही. प्रॅक्टिसनंतर कानात शिटी वाजत असेल तर तो इशारा समजा.

११. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. व्हॉल्व्हचा फाटका आवाज हवा, पण सोसायटीची नोटीस नको. काय करू?

आधी कायदा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ दरम्यान ४५ डेसिबल. खासगी जागेतल्या वाद्याचा किंवा ॲम्पचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. प्रश्न ७ मधले आकडे शेजारी ठेवून बघा : १ वॉटसुद्धा भारी पडतो. हा नियम मोठ्यांनाही सुटलेला नाही. मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव जिथे गाजला, त्या धोबी तलावच्या रंगभवनातल्या मोठ्या आवाजाच्या मैफली शांतता क्षेत्रामुळेच बंद पडल्या.

आता उपाय. ॲटेन्युएटर हे ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारं यंत्र. ॲम्प जोरात चालतो, बरीचशी शक्ती ॲटेन्युएटर उष्णतेत घालवतो. थोडं कमी करायला उत्तम, पण अगदी कुजबुजीपर्यंत आणलं तर स्पीकर हलतच नाही आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो. दुसरा मार्ग मास्टर व्हॉल्यूमचा : १९७५ पासूनचे मार्शल आणि त्यानंतरचे जेसीएम८०० यांत प्रीॲम्प फाडून शेवटी आवाज कमी करता येतो. आवाजाचा पोत थोडा वेगळा, कारण पॉवर टप्पा निवांतच राहतो. ऐंशीच्या दशकातलं अर्धं हेवी मेटल याच पोतावर उभं आहे. तिसरा मार्ग रिॲक्टिव्ह लोड बॉक्स (ॲम्पला स्पीकर जोडल्यासारखं भासवणारं खोकं) आणि हेडफोन. भाड्याच्या घरात हाच पैसे देण्यालायक. चौथा, आणि माझ्या मते बहुतेकांसाठी खरा : घरी प्रश्न १६ मधला मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र), आणि महिन्यातून एकदा तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये जाऊन मोठ्या ॲम्पची हौस भागवून घेणं.

१२. अमेरिकेत राहणारा दादा जुना फेंडर घेऊन येतोय. इथे थेट लावू का?

अजिबात नाही. साठच्या दशकातला अमेरिकन फेंडर ११७ व्होल्टवर चालतो, आपल्याकडे २३०. थेट लावला तर नशीब असेल तर फक्त फ्यूज जाईल. चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो ॲम्पच्या गरजेपेक्षा मोठा घ्या. ट्विनसारख्या ॲम्पला ५०० व्हीएचा. तिकडे ६० हर्ट्झ आणि इथे ५०, त्यामुळे जुना पॉवर ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापू शकतो. पहिल्या तासात हात लावून बघत राहा, पण फक्त बाहेरून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या काळच्या फेंडरना दोन पिनांची वायर असायची आणि चेसिसला एका कपॅसिटरने मेनची जोड. तो कपॅसिटर बिघडला तर तारांवर करंट उतरतो. हात तारेवर, ओठ मायक्रोफोनला, आणि चटका. ती वायर काढून तीन पिनांची टाकून घ्या, तो कपॅसिटर काढून टाका, आणि घरात खरोखर अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

ब्रिटिश ॲम्प या बाबतीत सोपे. जुन्या मार्शलच्या मागे व्होल्टेज निवडायची सोय असते. आपल्याकडे व्होल्टेज चढं असेल तर ती २४० वर ठेवा.

१३. स्पीकर न जोडता ॲम्प चालू केला तर काय होतं?

स्पीकर नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि तो जळू शकतो. जुन्या ॲम्पमधला हाच सर्वांत महाग भाग. आधी स्पीकर, मग स्विच. ओहमही जुळवा : कॅबिनेट १६ चं असेल तर ॲम्पचा सिलेक्टर १६ वर. आणि जोडायला स्पीकर केबलच वापरा. गिटारची बारीक केबल दिसायला तशीच असली तरी त्या कामाची नाही.

स्टॅंडबाय स्विच असेल तर आधी पॉवर, अर्ध्या-एका मिनिटाने स्टॅंडबाय.

१४. व्हॉल्व्ह कधी बदलायचे? आणि इथे मिळतात का?

प्रीॲम्पचे वर्षानुवर्षं टिकतात. पॉवर व्हॉल्व्ह नियमित कार्यक्रम करणाऱ्याचे एक-दोन वर्षांत थकतात, घरी वाजवणाऱ्याचे कितीतरी जास्त चालतात. लक्षणं : आवाज मलूल, खालचे स्वर ढिले, अचानक आवाज खाली जाणं. चालू ॲम्पमधल्या प्रीॲम्पच्या व्हॉल्व्हवर लाकडी पेन्सिलने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखं टणत्कारलं तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झाला आहे.

रंग बघायला शिका. कॅथोडची नारिंगी धग हवीच. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसते तिला घाबरू नका. पण मधली करडी धातूची प्लेट लाल व्हायला लागली तर त्या क्षणी बंद करा. बायस (पॉवर व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा याची मांडणी) बिघडला आहे किंवा व्हॉल्व्ह गेला आहे.

मार्शल आणि मोठ्या फेंडरमध्ये पॉवर व्हॉल्व्ह बदलल्यावर बायस लावून घ्यावा लागतो. एसी३० किंवा ट्वीड डिलक्ससारख्या कॅथोड-बायस (बायस आपोआप सावरणाऱ्या) ॲम्पमध्ये जुळलेले व्हॉल्व्ह घातले की काम भागतं.

नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, इथे ऑनलाइन मागवता येतात. एकेकाळी आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे बेलमध्येही ते बनायचे. बेलचे ईसीसी८३ आणि ईएल८४ आजही जगभरचे शौकीन शोधतात. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या दुकानात खोकं मिळालं तर सोडू नका, मात्र टेस्टरवर तपासून घ्या.

१५. जुना ॲम्प मूळ अवस्थेतच ठेवावा, की भाग बदलले तर चालतात?

वाजवायचा असेल तर बदला. मोठे फिल्टर कपॅसिटर रासायनिक असतात. पन्नास-साठ वर्षांत ते सुकतात, ॲम्प घूं करायला लागतो आणि एखाद दिवशी ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. कोकणात किंवा मुंबईत ठेवलेल्या ॲम्पचे सॉकेट गंजतात आणि जुने कार्बन रेझिस्टर दमटपणाने मूळ किमतीपासून भरकटतात. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून ॲम्पबरोबर जपून ठेवा, पुढे विकताना त्यांची किंमत येते. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर धड असतील तर त्यांना हात लावू नका. आवाजाचा मोठा वाटा त्यांचाच.

हे काम स्वतः करण्याआधी एवढं वाचा : ॲम्प बंद करून प्लग काढला तरी त्या कपॅसिटरमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट साठून राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरने शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. हे वाक्य अर्धवट कळलं असेल तर ॲम्प कारागिराकडे न्या.

१६. मॉडेलर आणि खरा ॲम्प यांतला फरक कुणाला ओळखता येतो का?

रेकॉर्डिंगमध्ये, ड्रम-बेससकट, मला तरी खात्रीने ओळखता येत नाही, आणि डोळे बांधून ओळखेन म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. केम्पर, ॲक्स-एफएक्स किंवा फुकट मिळणारा न्यूरल ॲम्प मॉडेलर, सगळेच फार पुढे गेले आहेत.

खोलीत मात्र फरक पडतो. मॉडेलरमधून ऐकू येतो तो मायक्रोफोनने टिपलेल्या ॲम्पचा आवाज. समोर चार १२ इंची स्पीकर हवा ढकलत असतात तेव्हा पँटचा पाय हलतो, तार बोटाखाली जिवंत वाटते (प्रश्न ९). तीस वर्षं प्लेक्सी वाजवलेल्या माणसाला हेडफोनवर हे कसं मिळणार? आणि ज्याने ते कधी अनुभवलंच नाही, त्याचं त्यावाचून काही अडतही नाही.

१७. एडी व्हॅन हेलन व्होल्टेज वाढवून ॲम्प वाजवायचा म्हणतात. मीही करून बघू?

नको. तो व्हेरिॲक, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र, वापरायचा हे खरं. सुरुवातीच्या मुलाखतींत त्याने व्होल्टेज वाढवतो असं सांगितलं, ते ऐकून अनेकांनी आपापले ॲम्प जाळले. प्रत्यक्षात तो अमेरिकेतल्या घरगुती व्होल्टेजवरून ते साधारण ९० पर्यंत खाली आणायचा, म्हणजे सगळी बटणं पूर्ण फिरवूनही आवाज आटोक्यात. व्होल्टेज कमी केल्यानेही जोखीम संपत नाही : व्हॉल्व्हच्या हीटरला हवे ६.३ व्होल्ट, तेही त्याच प्रमाणात घटतात आणि कॅथोड अर्धवट तापतो. त्याच्याकडे ॲम्प सांभाळणारी माणसं होती.

१८. मग गाजलेल्या सगळ्या रेकॉर्डवर मोठेच ॲम्प आहेत का?

नाहीत, आणि स्टॅकवर पैसे उधळण्याआधी हे माहीत असावं. पहिल्या लेड झेपेलिन अल्बमवर जिमी पेज छोटा सुप्रो वाजवतो. १९७० मध्ये मायामीत 'लैला'च्या वेळी क्लॅप्टनने फेंडर चॅम्प वापरला, जेमतेम ५ वॉटचा, मुळात शिकाऊ मुलांसाठी काढलेला. नील यंग आजही १९५९ चा ट्वीड डिलक्स वाजवतो, साधारण १५ वॉटचा. त्याच्यावर एक यंत्र बसवलेलं आहे, पायाने बटण दाबलं की ते ॲम्पची बटणं खरोखर फिरवतं. स्टुडिओत मायक्रोफोनला ॲम्पचा आकार दिसत नाही. छोटा ॲम्प कमी आवाजात मर्यादेला पोहोचतो, आणि प्रश्न ६ मधल्या बहुतेक गोष्टी त्यातही घडतात.

१९. ट्रान्झिस्टरचा ॲम्प म्हणजे कायम दुय्यमच का?

हा आपल्या मंडळींचा लाडका गैरसमज. रोलंडचा जेसी-१२० (१९७५) पूर्ण ट्रान्झिस्टरचा, आणि स्वच्छ आवाजासाठी आजही त्याला तोड नाही. 'द पोलिस' या बॅंडचे ॲंडी समर्स त्यावर वाजवायचे, मेटालिकाचे स्वच्छ भागही त्याच्यावरच. बी. बी. किंग लॅब सीरीज एल५ वर वाजवत, पॅंटेराच्या डाइमबॅगने रॅंडलचे ट्रान्झिस्टर ॲम्प फाडून जडशीळ मेटल केलं.

सगळ्यांत मासलेवाईक उदाहरण क्वीनचं. बेसवादक जॉन डीकन यांना कचऱ्यात एक जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं सर्किट सापडलं. त्यांनी ते एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवून बॅटरीवर चालणारा इवलासा ॲम्प केला. त्याला मास्टर व्हॉल्यूम नाही, टोनचं बटण नाही, शक्ती एका वॉटच्याही आत. क्वीनच्या रेकॉर्डवर सनई-व्हायोलिनसारखे वाटणारे गिटारचे थर ब्रायन मे यांनी बऱ्याचदा याच 'डीकी'वर रचले. स्टेजवर मात्र त्यांच्या मागे एसी३० ची रांग असते.